वह्या भरतात, नेमकं पान सापडत नाही

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगर, कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, एमपीएससीवाल्यांकडे वह्यांची कमी नसते. अडतं ते आयत्या वेळी हवं ते पान शोधताना. म्हणून नवी वही आणली की लिहायच्या आधी तिच्या पानांना आकडे घालावेत आणि पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडावीत. प्रत्येक विषयाला किती पानं लागतील याचा अंदाज बांधून कोरी पानं राखू नका, तो अंदाज हमखास चुकतो. जागा संपली तर पान ४७ च्या तळाशी 'पुढे ११२' आणि ११२ च्या माथ्यावर 'मागे ४७' असं लिहा. अनुक्रमणिकेत दोन्ही आकडे एकाच ओळीत घ्या.

पानाच्या आखणीसाठी कॉर्नेल पद्धत अजून तरी सरस वाटते. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात मांडली. डावीकडे अडीच इंचांचा रकाना, तळाशी दोन इंचांची पट्टी, उरलेल्या जागेत टिपणं. वहीचा छापील समास याला पुरत नाही, त्यामुळे ए-फोर आकाराची वही घेऊन पट्टीने रेघा माराव्यात. तासाला फक्त उजवीकडे लिहायचं. डावा रकाना त्याच दिवशी संध्याकाळी भरायचा आणि तळाशी पानाचा सारांश दोन ओळींत, वहीत न बघता.

बहुतेकांचं बिघडतं ते डाव्या रकान्यात. तिथे लोक मथळे लिहितात. समजा, पान हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं आहे. उजवीकडे १९३८ ची स्टेट काँग्रेस आणि तिच्यावरची बंदी, नोव्हेंबर १९४७ चा भारत आणि निजाम यांच्यातला जैसे थे करार, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. डावीकडे 'पोलीस कारवाई, १९४८' लिहिलं तर उत्तर आधीच फुटलं. तिथे हवा प्रश्न: 'जैसे थे करार असूनही कारवाई का करावी लागली?' मग उजवी बाजू कोऱ्या कागदाने झाकून उत्तर तोंडी द्यायचं. अडलात तर प्रश्नाशेजारी पेन्सिलीने टिंब. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करताना टिंबवाल्या प्रश्नांपासून सुरुवात करा. सगळं पान पुन्हा वाचत बसलात तर ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. हायलायटरचाही हाच धोका. (पिवळीधमक झालेली पानं झेरॉक्सवाल्याकडे मात्र फार खपतात!)

लिहायचं फक्त उजव्या पानावर. समोरचं डावं पान बदलांसाठी कोरं राहू द्या. मराठवाड्याच्या १९४८ च्या पाच जिल्ह्यांतून जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला वेगळा झाला, पुढे औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली. हे सगळं खाडाखोड न करता तारखेसह समोर बसतं. वही दुप्पट लागते, पण दुसऱ्यांदा लिहून काढावी लागत नाही.

चालू घडामोडी बांधीव वहीत घेऊच नका. त्या सुट्या ए-फोर कागदांवर, एका कागदावर एकच विषय, वर उजव्या कोपऱ्यात विषय आणि तारीख. दोन भोकांच्या पंचने भोकं पाडून फाइलला लावा म्हणजे जुना कागद काढून नवा घालता येतो. भोकांच्या बाजूला पुरेशी जागा सोडली नाही तर अक्षरं कापली जातात. आणि लिहायला साधं बॉलपेन बरं, कारण बऱ्याच जेल पेनांचं लिखाण पाण्याची बाटली लवंडली की फुटतं.