माइक चालू केला की हेडफोनचा आवाज का पडतो: माझा अनुभव

मला ट्रॅकवर गाऊन रेकॉर्ड करायची आवड आहे, त्यासाठी चांगले वायरलेस हेडफोन घ्यायचे हे बरेच दिवस डोक्यात होतं, शेवटी घेतले. बॉक्सवर एलडीएसी (ब्लूटूथवरून चांगल्या दर्जाचा आवाज पाठवायची एक पद्धत), ९९० केबीपीएस (सेकंदाला जाणारा डेटा) असं ठळक लिहिलेलं, आणि फोनवर गाणी ऐकली तर खरंच आवाज इतका मोकळा की मन खूश झालं. पण लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग सुरू केलं की त्या क्षणी ट्रॅक एकदम चपटा, बेस गायब, डावं-उजवं काही कळेना, जुन्या टेलिफोनवरून कुणी गाणं ऐकवतंय असं.

पीस खराब असेल म्हणून कस्टमर केअरला फोन केला. रीसेट करा, फर्मवेअर अपडेट करा, परत पेअर करा, सगळं करून झालं. मग पीस बदलून दिला तर त्यातही तेच! मला संताप याचा आला की यात पीसचा दोष नाहीये, ब्लूटूथ असंच चालतं हे तिथल्या एकानेही सांगितलं नाही.

ते शेवटी मीच वाचून काढलं. गाणी ऐकताना ए२डीपी नावाचं प्रोफाइल, म्हणजे ब्लूटूथची आवाज पाठवायची एक ठरलेली पद्धत, चालतं, त्यात स्टिरिओ आवाज छान येतो पण तो फक्त हेडफोनकडे येतो, माइकचा आवाज उलट पाठवायची सोय त्यात नाही. त्यामुळे हेडफोनचा माइक चालू झाला की लॅपटॉप एचएफपी नावाच्या कॉलसाठीच्या प्रोफाइलवर जातो. तिथे आवाज मोनो आणि सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात ते) बहुतेक वेळा ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झ, सीडीला ४४.१ असतं. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे ८ असेल तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, झांजेची किणकिण गेली, गाणाऱ्याचा श्वास गेला, स-श नीट कळत नाहीत. ९९० छापायला जागा आहे ना, मग माइक चालू असताना काय मिळणार तेही त्याच बॉक्सवर छापा की.

उपाय तसा सोपा निघाला. साउंड सेटिंगमध्ये इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडला, आउटपुटला हेडफोनचं स्टिरिओवालं नाव, आणि ट्रॅक परत आधीसारखा भरलेला वाजायला लागला. ऑनलाइन मीटिंगसाठी एवढं पुरतं. गाण्यासाठी नाही, कारण ब्लूटूथमध्ये आवाज कानात थोडा उशिरा पोचतो, मी कानातल्या ठेक्यावर गाते आणि रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज ट्रॅकच्या मागे पडलेला दिसतो.

म्हणून मग वायरवाले घेतले, स्टुडिओत वापरतात म्हणे, ३०० ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध). लॅपटॉपच्या जॅकला लावले तर व्हॉल्यूम फुल करूनही आवाज बारीक. इतक्या ओहमला व्होल्टेज जास्त लागतो, वेगळा अँप (अँप्लिफायर) हवा, हेही विकताना कुणी बोललं नाही. ते मुदतीत परत केले.

आता ३२ ओहमचे बंद कपवाले वायरचे हेडफोन आहेत, माइक यूएसबी इंटरफेसला (माइक आणि लॅपटॉपच्या मधे लावायची रेकॉर्डिंगची छोटी पेटी) आणि हेडफोनही त्यालाच, डायरेक्ट मॉनिटरिंग चालू ठेवलं की माझा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता सरळ कानात येतो आणि गाताना अडखळायला होत नाही. वायरलेसवाले फक्त ऐकायला. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नवीन पद्धतीत माइक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो, पण त्याला हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे सपोर्ट लागतो, माझ्या लॅपटॉपमध्ये तो नाही.