ताराबाई आमच्या गावच्या

नववीला मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाई धड्यापेक्षा धड्याबाहेरचंच जास्त सांगायच्या. पोर्शन मागे राहतो, अशी कुरकुर पालकसभेत व्हायची. पण ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या, हे मला कळलं ते त्या धड्याबाहेरच्या तासांत.

1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी त्या निमित्ताने साऱ्या बायकांनाच धारेवर धरलं. ताराबाईंनी त्याला उत्तर लिहिलं: ‘स्त्रीपुरुष तुलना’, 1882, पुण्यात छापलेलं, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं होतं.

ताराबाई त्यात विचारतात: बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करून आणतो. मग नवरा गेला म्हणून बाईनेच का कोंडून घ्यायचं? बाई हा भाग वाचायला लागल्या तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. एकाने विचारलंच, “बाई, ह्या एवढ्या कायले चिडल्या?” बाईंनी पुस्तक मिटलं नाही. म्हणाल्या, “विजयालक्ष्मीला फाशी सुनावली, तेव्हा त्या पोराचा बाप कुठं होता ते शोधून आण. मग सांगते.” तो बिचारा मधल्या सुट्टीपर्यंत गप्प होता.

मला आजही त्या पुस्तकातला रागच आवडतो. बाईमाणसाने नरमाईने लिहावं, हा सल्ला अजून मिळतो म्हणून असेल. ताराबाईंवर टीका करणाऱ्यांत सत्यशोधकही होते. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 मध्ये ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही विस्मरणात गेलं. 1975 मध्ये अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, म्हणून आमच्या बाईंच्या पिशवीत ते होतं.

त्या वेळी शाळेच्या ग्रंथालयात ते नव्हतं. शाळेच्या या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही काही माजी विद्यार्थिनी त्याच्या प्रती देत आहोत. त्या ‘संदर्भग्रंथ’ म्हणून कुलुपात ठेवू नयेत, नववीच्या मुलामुलींना घरी नेऊ द्याव्यात, एवढी ग्रंथपालांना विनंती. हरवल्या तर नव्या पाठवू.