अलॉयवाली गाडी रस्त्यावर लावत असाल तर लॉक नट बसवाच

आमच्या सिडकोत घरं झाली तेव्हा दारात सायकल नाहीतर स्कूटर असायची, कारसाठी जागा कुणीच सोडली नाही, आता एकेका घरापुढं दोन-दोन गाड्या अन् सगळ्या रात्रभर रस्त्यावरच. त्यात टॉप मॉडेल घेतलं की अलॉय (मिश्रधातूची महागडी चाकं) आलेच. ते खोलायला काय लागतंय, एक जॅक अन् एक पाना, जो कंपनी बहुतेक गाड्यांच्या डिक्कीत देतेच, म्हणजे तुमची चाकं काढायचं सामान अख्ख्या गल्लीकडं आहे.

मागच्या गल्लीतल्या एका काकांची गाडी सकाळी विटांवर उभी दिसली. चारही चाकं गायब, ब्रेकच्या डिस्क उघड्या पडलेल्या, नट मात्र तिथंच मातीत टाकून गेलेले. पोलिसात तक्रार दिली (आता चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं), पण चाकावर काही गाडीचा नंबर नसतो, सापडलं तरी ओळखणार कसं. इन्शुरन्सचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत टायरवर ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे निम्मेच पैसे मिळतात, अन् क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच. लई वाईट वाटलं बघून. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला मी लॉक नटचं, म्हणजे स्वतःच्या चावीशिवाय न खुलणाऱ्या चाकाच्या नटचं, सांगत असतो.

बाकीचे नट नेहमीचेच राहतात, प्रत्येक चाकाला एकच लॉक नट, म्हणून सेटमध्ये चार येतात. त्याला बाहेरून सहा कोन नसतात, तोंडावर फुलाच्या पाकळ्यांसारखी वाकडीतिकडी खाच असते अन् तीच नक्षी उलटी असलेली छोटी चावी सोबत येते. चावी खाचेत बसवायची, तिच्या मागच्या बाजूला आपला नेहमीचा पाना लावायचा, झालं. काही चांगल्या सेटमध्ये नटाभोवती मोकळी फिरणारी रिंग असते, चोरानं वरून सॉकेट ठोकून बसवलं तरी रिंगच गरगर फिरते, नट जागचा हलत नाही. ऑनलाईन जे रंगीत, बारीक दातऱ्यांचे स्वस्त नट मिळतात ते घेऊ नका, त्या मापाची चावी कुठंही मिळते, मग ते लॉक कामून म्हणायचं?

मापाकडं नीट बघा, कारण इथं गडबड झाली तर चाक चालत्या गाडीतून निघतं. मारुतीला १२ बाय १.२५ आटे (म्हणजे जाडी १२ मिलिमीटर अन् दोन आट्यांतलं अंतर १.२५), ह्युंदाईला १२ बाय १.५, अन् फोक्सवॅगन-स्कोडाला नट नसून बोल्टच असतात, १४ बाय १.५ चे. आटे जुळले म्हणून भागत नाही, नट जिथं टेकतो ती बैठकही जुळली पाहिजे, कुणाची उतरती तर कुणाची गोल. अलॉय बाहेरून बसवलेले असतील तर चाक घेऊन दुकानात जा अन् समोर लावून बघा.

आता पंक्चरवाल्याचं. हवेची गन लावली की चावीची नक्षी झिजते नाहीतर चिरते, अन् मग आपल्याच चाकाला आपणच कुलूप लावून बसतो. तिथं उभं राहून सांगायचं, "भाई, याला गन नका लावू, हातानं काढा," आणि काम झालं की चावी मोजून परत घ्यायची, पान्यातच अडकून दुकानात राहते बरेचदा. घट्ट करताना पण टॉर्क रेंचच (ठरवलेल्या जोरानं घट्ट करणारा पाना) लावा, हा जोर गाडीप्रमाणं साधारण ८५ पासून १२० न्यूटन मीटरपर्यंत असतो, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की परत एकदा तपासायचं.

चावी ठेवायची कुठं? ग्लव्ह बॉक्समध्ये नको, काच फोडली की चोर पहिलं तेच उघडतो. पण घरच्या कपाटात पण नको, समृद्धीवर जालन्याच्या पुढं रात्री टायर बसला अन् चावी घरी असली तर स्टेपनी असून काय करणार, लेकरंबाळं घेऊन रस्त्याच्या कडेला बसून राहायचं. गाडीतच, पण सहज न दिसणाऱ्या जागी ठेवा, अन् ती जागा घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना दाखवून ठेवा. सेटसोबत कोड नंबरचं कार्ड येतं ते मात्र घरी, चावी हरवली तर त्या नंबरावर दुसरी मागवता येते.

पक्का तयारीचा चोर लॉक नट पण काढतो, हे खरंय. पण त्याला वेळ लागतो, ठोकाठोकीचा आवाज होतो, अन् बाजूला बिनालॉकची गाडी असताना तो तुमच्या गाडीशी झटत बसणार नाही. सोबत गाडी भिंतीला चिकटून लावा, पुढची चाकं वळवून ठेवा. एर्टिगा, इनोव्हाची स्टेपनी खालून लटकलेली असते, तिला ही लॉक लागत नाहीत, तिथं वेगळी साखळी लागते.

अन् जुनी गाडी घेत असाल तर टोकन द्यायच्या आधी चारही चाकांपाशी बसून नट बघा. एखादा वेगळा दिसला तर चावी आधी हातात घ्या, मग पैसे.