वेझेरच्या काठचे मास्तर

गाडीतून उतरल्यावर बाबांनी आधी छपरं बघितली. पिशव्या तशाच डिकीत राहिल्या आणि ते चर्चसमोर मान वर करून उभे राहिले. सॅं-लेओं-स्यूर-वेझेर या गावातलं हे चर्च बाराव्या शतकातलं. त्याच्यावर कौलं नाहीत. चुनखडीच्या चपट्या फरशा खवल्यांसारख्या एकावर एक रचल्या आहेत. तिथले लोक त्यांना ‘लोझ’ म्हणतात. अशा छपराचं वजन एका चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरतं. बाबा म्हणाले, “आपल्याकडे भिंत चिऱ्याची आणि वर कौल. इथे भिंतही दगडाची नि छप्परही दगडाचंच. खालच्या वाशांचा विचार कर.” मी वाशांचा विचार करत बसले आणि तासभर आम्ही तिथून हललोच नाही.

बाबा चित्रकलेचे शिक्षक. राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी ३१ वर्षं मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. निवृत्तीनंतर त्यांना एकदा फ्रान्सला न्यायचं हे मी फार दिवस मनात धरून होते. पॅरिसची संग्रहालयं झाली, ती त्यांनी भक्तिभावाने बघितली. पण त्यांना खरी ओढ होती ती नैऋत्येकडच्या दोर्दोन्य भागाची, वेझेर नदीच्या खोऱ्याची. तिथल्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहांचे फोटो त्यांनी वर्गातल्या फळ्याशेजारी वर्षानुवर्षं लावले होते.

पॅरिसहून रेल्वेने ब्रीव्ह आणि तिथून भाड्याची गाडी. मोंतिन्याकपासून लेझेझीपर्यंतचा नदीकाठचा रस्ता २५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि आमचं गाव त्याच रस्त्यावर मध्येच, नदीच्या एका वळणात विसावलेलं. मुक्कामासाठी मी मुद्दाम लहान गाव निवडलं. सप्टेंबरचा शेवट होता, गर्दी ओसरली होती. सकाळी पाव आणायला गेलं की दारातच ‘बोंजूर’ म्हणायचं, मग बाकीचं बोलायचं. बाबांनी तेवढा एक शब्द पक्का केला आणि तो ते इतक्या मनापासून म्हणायचे, की दुसऱ्या दिवसापासून पाववाल्या बाई त्यांना आधी हाक मारू लागल्या.

गाव एवढंसं आहे. चर्च, दोन जुने वाडे, नदीवरचा पूल, पाण्यापर्यंत उतरणारी गवताची उतरण. चर्चच्या जागी पूर्वी रोमन काळातलं घर होतं, त्याच्या अवशेषांवरच हे उभं आहे. आत गारवा, भिंतींवर जुन्या भित्तिचित्रांचे पुसट तुकडे आणि अर्धगोल गाभाऱ्यातून येणारा थोडासा उजेड. संध्याकाळी आम्ही नदीच्या बाजूने त्या चर्चकडे बघत बसायचो. उन्हात त्याचा दगड मधासारखा दिसतो. हाच दगड सगळीकडे आहे: कड्यात, घरात, कुंपणाच्या गडग्यात.

बुधवारी मोंतिन्याकच्या बाजारात गेलो. अक्रोड नुकतेच उतरले होते आणि ओलसर सालीचे ताजे अक्रोड टोपल्यांत होते. ताज्या अक्रोडाची चव आपल्याकडे मिळणाऱ्या सुक्या अक्रोडापेक्षा अगदी वेगळी, दुधाळ. ओल्या काजूच्या गराची आठवण आली. शेळीच्या दुधाचं चीज, अक्रोडाचं तेल, पाव आणि टोमॅटो यांवर आमची दोन वेळची जेवणं होत होती. या भागातला स्वयंपाक बदकाच्या चरबीवर चालतो. बटाटेसुद्धा तीत परततात. त्यामुळे शाकाहारी माणसाने स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, हे आवर्जून सांगते.

एका सकाळी गावामागच्या जोरच्या टेकडीवर चढून गेलो. वाट ओकच्या रानातून जाते. खाली वेझेर, मक्याची शेतं, अक्रोडाच्या सरळ रांगा आणि मध्येच काळ्या फळ्यांची उंच कोठारं. एकेकाळी या खोऱ्यात तंबाखू भरपूर पिके, ती वाळवायची ही कोठारं. टेकडीच्या माथ्याजवळ अचानक पांढरा स्तूप आणि झाडांमध्ये बांधलेल्या रंगीत पताका दिसल्या. १९७०च्या दशकात इथे तिबेटी बौद्धांचं केंद्र सुरू झालं, ते आजही चालू आहे. बाबांनी चपला काढून प्रदक्षिणा घातली. फ्रान्सच्या रानात त्यांना नमस्कार करायला जागा सापडली याचा मला झालेला आनंद शब्दांत मांडता येत नाही.

सॅं-लेओंहून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडं खाली गेलं की ला रोक सॅं-क्रिस्तोफचा कडा येतो. एक किलोमीटर लांब, ८० मीटर उंच. दगडात नैसर्गिक ओवऱ्या पडल्या आहेत, पाच मजल्यांच्या. मध्ययुगात इथे कड्याला चिकटून अख्खं गाव वसलं होतं. घरांची लाकडं कधीच गेली, पण तुळया बसवायला कोरलेल्या खोबणी रांगेने शिल्लक आहेत. १५८८ मध्ये, कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांच्या लढायांच्या धामधुमीत, हे गढीसारखं गाव पाडून टाकलं गेलं. जवळच ल मुस्तिए. तिथे सापडलेल्या दगडी हत्यारांवरून निअँडरथल माणसाच्या एका अख्ख्या संस्कृतीला ‘मुस्तेरियन’ नाव पडलं. त्याच नदीवरच्या ला मादलेनवरून नंतरच्या काळातल्या संस्कृतीला ‘मॅग्डलेनियन’. पाठ्यपुस्तकातली नावं इथे रस्त्याच्या पाट्यांवर भेटतात.

पण मला सांगायचं आहे ते मास्तरांबद्दल.

लेझेझीच्या शाळेत देनी पेरोनी नावाचे शिक्षक होते. १९०१ मध्ये ते ३२ वर्षांचे होते. गावाबाहेरची फों-द-गोम गुहा लोकांना आधीपासून माहीत होती. लोक आत जात, भिंतीवर आपली नावंही खरडत. चित्रं मात्र कुणाच्या नजरेला आली नव्हती. १२ सप्टेंबर १९०१ रोजी पेरोनी आत गेले आणि त्यांना त्या भिंतीत प्राणी दिसले. पुढे त्यांनी लेझेझीच्या कड्यावरच्या पडक्या किल्ल्यात संग्रहालय उभं केलं.

बरोबर ३९ वर्षांनी, १२ सप्टेंबर १९४० रोजी, मोंतिन्याकजवळच्या टेकडीवर मार्सेल राव्हिदा हा १८ वर्षांचा मुलगा तीन मित्रांसह एका भोकातून खाली उतरला आणि लास्को ही चित्रांची गुहा सापडली. त्या तिघांपैकी सिमों कोएन्कास हा ज्यू मुलगा. त्याचे आईवडील पुढे आउशविट्झमध्ये मारले गेले. मुलांनी ही गोष्ट नेऊन सांगितली ती त्यांच्या जुन्या शिक्षकांना, लेओं लाव्हाल यांना. आधी त्यांना ही पोरांची थट्टा वाटली, पण ते आले, आत उतरले आणि मग त्या गुहेचे राखणदार झाले. लास्को १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि माणसांच्या श्वासाने, उजेडाने भिंतींवर शेवाळ धरू लागलं, म्हणून १९६३ मध्ये बंद केली गेली. आता टेकडीच्या पायथ्याशी तिची पूर्ण प्रतिकृती आहे. २०१६ मध्ये ती उघडली. फार मेहनतीने केलेलं काम आहे ते. मूळ गुहा आपल्याला दिसत नाही याचं मला वाईट वाटलं नाही. ती तशीच अंधारात राहावी.

फों-द-गोम मात्र खरी आहे आणि अजून उघडी आहे. दिवसाला मोजकेच लोक सोडतात, म्हणून नियोजन आधीच करून ठेवावं. वाट चढाची, मग अरुंद भेग, अंगावरची पिशवीसुद्धा बाहेर. फोटो काढायचे नाहीत. मार्गदर्शक बाईंनी दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि दगडाच्या फुगवट्यातून बायसनची पाठ वर आली. चितारणाऱ्याने फुगवटा आधी बघितला होता, मग त्यात प्राणी. बाबांच्या तोंडून हलकेच निघालं, “हा गेरू.” लाल रंग लोहाच्या मातीचा, काळा मँगनीजचा. थोडं पुढे दोन रेनडिअर. एक वाकून समोरच्या मादीच्या कपाळाला जीभ लावतो आहे. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीची चित्रं. आता खूप पुसट झाली आहेत. बाईंनी बोटाने हवेत रेघ ओढली तेव्हा कुठे ती दिसली. माझ्या शेजारी अंधारात बाबांचाही हात हवेत तीच रेघ ओढत होता.

बाहेर आल्यावर ते दगडावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “सड्यावरून मी किती वर्षं शाळेत गेलो गं.”

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आमच्याकडे रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणि अंगाभोवती इतर कितीतरी प्राणी. लोक त्यांना पांडवांची चित्रं म्हणत आणि पावसाळ्यात शेवाळावरून पाय सांभाळत पलीकडे जात. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. वेझेरचं खोरं १९७९ पासून मुख्य यादीत आहे. लास्कोला दार लावता आलं, सड्याला आभाळाशिवाय काही नाही. त्या दगडावर बसून आम्ही याबद्दल खूप बोललो. परतल्यावर शाळेतल्या मुलांना घेऊन सड्यावर जायचं, आडव्या उन्हात, सकाळी सातला किंवा संध्याकाळी, म्हणजे रेघा उठून दिसतील, असं बाबांनी तिथेच ठरवलं.

शेवटच्या रात्री मी स्वयंपाकघरात अक्रोड फोडत होते. बाबा टेबलावर वही घेऊन बसले होते. फोटो नव्हताच, तेव्हा सगळं आठवणीतून. शिंगं झाली, वाकलेली मान झाली. मग पेन्सिल थांबली.

“मादीने गुडघे टेकलेले होते ना?”

मी हो म्हटलं. त्यांनी खोडलं, पान उलटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.