कॅमेरा हलतच नाही!

आज भाचीसोबत चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) पुन्हा पाहिला. "मावशी, कॅमेरा हलतच नाही गं," तिची सुरुवातीपासून कुरकुर. शाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा अजब खटला. पण कोर्टाची खोली दिसते ती लांबून, आख्खी. मध्येच एका बाईची केस न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत, का तर तिने स्लीव्हलेस घातलंय! इथे क्लोजअप लावला असता तर 'आता चिडा' असं सांगितल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी आपण नुसते बघत बसतो, बाकावरच्या लोकांसारखे.

मग गोष्ट वकिलांच्या घरी शिरते. बचावाचा वकील सुपरमार्केटात चीज-वाइन घेतो, सरकारी वकीलबाई लोकलने येऊन स्वयंपाकाला लागतात. (गीतांजली कुलकर्णी काय सहज वावरलीय!) खटल्याशी याचा काडीचा संबंध नाही. पण जामिनाला विरोध करणारी ही बाई मग खलनायिका वाटेनाशी होते, आणि तेच जास्त झोंबतं.

रिकाम्या कोर्टातले दिवे मालवले तशी भाची उठलीच. म्हटलं, बस गं, अजून न्यायाधीशांची सहल बाकी आहे. ती सहल नसती तर सिनेमा फारच सभ्य झाला असता.