लाकातोश आणि पोकळ घन

गणित आणि विज्ञानाचा तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश याची ओळख सहसा विज्ञानातल्या ‘संशोधन कार्यक्रमां’पासून, म्हणजे एका गाभ्याच्या कल्पनेभोवती वाढत जाणाऱ्या सिद्धांतांच्या मालिकांपासून, करून दिली जाते. माझ्या मते ती घनापासून करावी. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

घनाला 8 शिरोबिंदू, 12 कडा, 6 पृष्ठे. 8 − 12 + 6 = 2. सपाट पृष्ठांच्या प्रत्येक घनाकृतीत उत्तर 2 येतं, ही गणितज्ञ ऑयलरची अटकळ. फ्रेंच गणितज्ञ कोशीने 1813 साली प्रसिद्ध केलेली सिद्धता अशी: घन पातळ रबराचा आहे असं समजा, एक पृष्ठ काढा आणि उरलेलं ताणून सपाट पसरा. एक पृष्ठ गेलं, म्हणून आता उत्तर 1 हवं. उरलेल्या पाच चौकोनांत एकेक कर्ण काढा. दर कर्णामागे एक कड वाढते, एक पृष्ठही वाढतं: 8 − 17 + 10 = 1. मग कडेकडेने एकेक त्रिकोण काढत जा. दर वेळी एक कड आणि एक पृष्ठ जातं, नाहीतर दोन कडा, एक बिंदू आणि एक पृष्ठ. शेवटच्या त्रिकोणाचे 3 − 3 + 1 = 1. इथे क्रम चुकला की फसतं. मधलाच त्रिकोण आधी उचलला तर पृष्ठ जातं, पण त्याच्या कडा शेजाऱ्यांच्याही असल्याने राहतात, आणि उत्तर 0 होतं.

आता मोठ्या घनाच्या पोटात छोट्या घनाएवढी पोकळी ठेवा. 16 − 24 + 12 = 4. अटकळ मोडली.

‘ही घनाकृतीच नव्हे’ म्हणून व्याख्या बदलणं हा सोपा मार्ग. अपवादांची यादी करून पुढे जाणं हा दुसरा. दोन्हींत सिद्धता कुठे तुटली ते कळतच नाही, आणि लाकातोशचा खरा आक्षेप हाच आहे. पोकळ घन पहिल्याच पायरीवर अडतो: एक पृष्ठ काढून तो सपाट पसरता येत नाही, कारण आतलं आवरण वेगळं राहतं. ती दडलेली अट प्रमेयात उघडपणे लिहा, असं तो सांगतो.

हा विषय लाकातोशला गणितज्ञ पोल्याने सुचवला होता. 1922 साली देब्रेत्सेनमध्ये जन्म, आई आणि आजी आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेल्या, कम्युनिस्ट हंगेरीत 1950 ते 1953 कैद, 1956 नंतर व्हिएन्नामार्गे केंब्रिज. तिथला 1961 चा प्रबंध 1963-64 मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या संवादाच्या रूपात छापून आला. 1974 साली, 51 व्या वर्षी तो गेला. तोच संवाद पुस्तकरूपाने निघाला 1976 मध्ये.

एक आकृती मात्र स्वतः मोजून बघाच: चौकोनी तसबिरीची चौकट. कोपऱ्यांत तिरके सांधे धरले तर 16 − 32 + 16 = 0. सांधे न धरता पुढची आणि मागची बाजू अखंड ठेवली तर 16 − 24 + 10 = 2, म्हणजे सूत्र ‘बरोबर’! पण सिद्धता इथे दोनदा मोडते. चौकट सपाट पसरता येत नाही, आणि मध्ये भोक असलेल्या पृष्ठात बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत पहिली रेघ ओढली तर कड वाढते, पृष्ठ वाढत नाही. दोन चुका एकमेकींना खोडतात. नुसतं उत्तर तपासणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.