ट्रम्पेटचा रियाज, सहावा आठवडा: अजून पहिल्याच गाण्यावर

'लुई आर्मस्ट्राँग प्लेज डब्ल्यू. सी. हँडी' ही रेकॉर्ड अजून सुटलेली नाही. जॅझचा ट्रम्पेटवादक लुई त्यात संगीतकार हँडीची ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेली शैली) गाणी वाजवतो. जुलै 1954 मध्ये शिकागोत निर्माता जॉर्ज अवाकियानने कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं हे रेकॉर्डिंग. सहा वादक आणि गायिका वेल्मा मिडलटन, बस्स. लुई तेव्हा बावन्न वर्षांचा.

पहिलंच गाणं 'सेंट लुईस ब्लूज', जवळजवळ नऊ मिनिटांचं. हेच गाणं त्याने 1925 मध्ये गायिका बेसी स्मिथच्या मागे कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखंच, पण आखूड वाद्य) वाजवलं होतं, पण तेव्हाच्या तबकडीत तीनेक मिनिटंच मावायची. इथे त्याला ऐसपैस जागा मिळालीय, आणि तरी तो स्वरांची गर्दी करत नाही.

पहिले तीन आठवडे मी वरच्या पट्टीतल्या जागांमागे लागलो आणि ओठ सुजवून घेतले. दोन दिवस माउथपीस लावता आला नाही. मग वेग 70 टक्क्यांवर आणून फक्त लांब स्वर ऐकले. लुई स्वर अगदी सरळ लावतो आणि सोडायच्या जरा आधी हलवतो. मी सुरुवातीपासूनच हलवत होतो, म्हणून माझा स्वर ओला आणि पातळ यायचा. आता रोज वीस मिनिटं एवढंच: सरळ लावायचा, भरू द्यायचा, शेवटी कंप.

ब्लूजचा गंधार मात्र जमतोय. कोमल आणि शुद्धच्या मधली ती जागा पेटीवर सापडत नाही. ट्रम्पेटवर बोटं तीच ठेवून ओठ किंचित सैल सोडला की मिळते. मंगळवारी सलग चार वेळा लागली, फार आनंद झाला!

डिक्सीलँडमध्ये, म्हणजे जॅझच्या जुन्या न्यू ऑर्लिन्स शैलीत, चाल ट्रम्पेटने धरायची, क्लॅरिनेट वरून विणत जाणार, ट्रॉम्बोन खालून उत्तर देणार. क्लॅरिनेटवर बार्नी बिगार्ड आणि ट्रॉम्बोनवर ट्रमी यंग इतकं वाजवू शकतात, कारण लुई त्यांच्यासाठी जागा सोडतो. हे मला रेकॉर्डसोबत वाजवताना कळलं: मी जिथे तान भरली, तिथे ट्रमीची घसीट झाकली गेली. त्या ताना काढून टाकल्या.

हँडीने 'सेंट लुईस ब्लूज' या 1914 च्या रचनेत मधेच सोळा बारचा (आवर्तनांचा) मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा भाग घातलाय, हाबानेरा या क्यूबन नाचाच्या डौलाचा. तिथे मी अजून धावतो. या आठवड्यात ट्रम्पेट बाजूला ठेवून तो भाग आधी टाळी देत गाणार आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. दृष्टी गेलेल्या, ऐंशी वर्षांच्या हँडींना अवाकियानने हे टेप ऐकवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.